धंद्याची भाषा : तिचा उपयोग आणि तिचा घोटाळा



दर अंकात आपण लागवड, खत, पाणी, खोडकीड यांविषयी वाचता. या खेपेस थोडा निराळा विषय घेतला आहे. प्रत्येक धंद्याची आपली एक भाषा असते. ती धंद्यातल्या माणसाला सोपी आणि बाहेरच्याला अवघड असते. आपल्या साखर धंद्याचीही अशी भाषा आहे. ती न समजल्यामुळे सभासदाचे पैशाचे, पिकाचे आणि विश्वासाचे नुकसान होते. ते कसे, आणि त्यावर उपाय काय, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

पेणचा 'कारखाना'

मी मूळचा कोकणातला, रोहा तालुक्यातला. शेतकी पदविका घेतली आणि नोकरीसाठी घाट चढून वर आलो. सौ.चे माहेर पेणचे. मेहुण्याचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये मूर्ती घडविण्याच्या जागेला 'कारखाना'च म्हणतात. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात असे कारखाने घरोघर आहेत. माझी मुले साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. लहानपणी 'मामाच्या कारखान्यात जायचे' म्हटले की ती विचारीत, "तिथं पण भोंगा होतो का?"

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीच्या मंडळासाठी मूर्ती सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी ज्येष्ठातच फोन केला. मेहुण्याने विचारले, "भावोजी, मूर्ती कच्ची हवी का तयार?" मंडळाने ठरविले होते की मूर्ती मातीचीच हवी. मला वाटले, कच्ची म्हणजे कच्च्या मातीची, विसर्जनाला विरघळणारी. मी ठासून सांगितले, "कच्चीच पाहिजे."

चतुर्थीला दोन दिवस राहिले तेव्हा गाडी घेऊन पेणला गेलो. पाहतो तो मूर्ती पांढरीफटक! ना रंग, ना दागिने, ना डोळे. त्यांच्या धंद्यात कच्ची मूर्ती म्हणजे साच्यातून काढून, साफ करून वाळविलेली, पण न रंगविलेली मूर्ती. बाहेरगावचे व्यापारी अशा मूर्ती नेतात आणि आपल्या गावी रंगवून विकतात. आमची मूर्ती शाडूचीच होती, पण 'कच्ची' हा शब्द मातीबद्दल नव्हता, रंगाबद्दल होता.

मेहुणा हसला, पण हात कामाला लावले. त्याच्याकडचा एक जुना कारागीर रात्री आखणीला बसला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणे. हे काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत. हात बसलेल्या माणसालाच देतात. मी शेजारी बसून होतो. मेहुणा मला साचा, जोड, शाडू, आखणी असे काहीबाही समजावीत होता आणि मी निम्मे न कळताच "बरं, बरं" म्हणत होतो. तेवढ्यात मला आपले एक सभासद आठवले. तेही असेच एकदा मला "बरं" म्हणाले होते. त्यांची हकिगत पुढे येईल.

त्याच मुक्कामात खारेपाटातून सासऱ्यांना निरोप आला, "बांधाला खांड पडलीय." माझ्या मुलाने विचारले, "खांड म्हणजे खांडसरी साखर ना?" आपल्या धंद्यात वाढलेल्या पोराला दुसरे काय सुचणार? पण खारेपाटात खांड म्हणजे समुद्राचे पाणी अडविणाऱ्या बांधाला पडलेले भगदाड. तिथून भरतीचे पाणी भातखाचरात शिरले की पीक जाते आणि पुढची काही वर्षे जमीन खारी राहते. पाणी बाहेर सोडण्याच्या दाराला तिथे उघाडी म्हणतात. बांधाची राखण करण्यासाठी एकत्र आलेल्या शेतकऱ्यांच्या गटाला जोळ म्हणतात. मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा १९४८ साली झाला आणि महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा १९७९ साली आला. जोळ त्याआधीपासूनची. 'खांड पडली' या दोन शब्दांवर सगळा गाव फावडी-घमेली घेऊन धावतो. तिथे कोणी अर्थ विचारीत बसत नाही.

पुढे रोह्याला घरी गेलो. चुलतभाऊ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनाच्या कंपनीत आहे. तो फोनवर सांगत होता, "टाकीला नायट्रोजनचं ब्लँकेट दिलं का बघा." आई म्हणाली, "अरे, एवढं उकडतंय आणि टाकीला ब्लँकेट कशाला?" ज्वालाग्राही द्रवाच्या टाकीत हवेतला ऑक्सिजन शिरून भडका उडू नये म्हणून द्रवाच्या वर नायट्रोजन वायू भरून ठेवतात. त्याला ते ब्लँकेट म्हणतात. आपण ज्याला नत्र म्हणतो तोच हा नायट्रोजन. आपल्याकडे तो युरियाच्या गोणीतून येतो, त्यांच्याकडे पांघरूण होऊन येतो.

वेगळी भाषा लागतेच

तेव्हा धंद्याची भाषा म्हणजे लोकांना फसविण्याची युक्ती, असे समजू नये. तिचे दोन उपयोग आहेत. एक, वेळ वाचतो. 'खांड' म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. दुसरा, नेमकेपणा येतो. आपण साधे 'ऊस लावला' म्हणत नाही. आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, ते सांगतो. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीची. त्या एका शब्दात लागणीचा महिना, खताचा हप्ता आणि तोडणीची वेळ, सगळे येते. खोडवा आणि निडवा हे शब्दही तसेच. जातीचे नाव घ्या : को ८६०३२. यात 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ हे वर्ष आणि ०३२ हा त्या वर्षाचा अनुक्रमांक.

घोटाळा होतो तो ही भाषा धंद्याच्या उंबऱ्याबाहेर जाते तेव्हा. बोलणाऱ्याला वाटते आपण सांगितले, ऐकणाऱ्याला वाटते आपल्याला कळले. दोघेही समाधानाने घरी जातात. नुकसान मागाहून कळते.

'उतारा' शब्दाचे चार अर्थ

आपल्याकडचा सर्वांत घोटाळ्याचा शब्द म्हणजे उतारा. तलाठ्याकडे जाऊन आपण सातबाराचा उतारा मागतो. शेजारी विचारतो, 'यंदा उतारा किती पडला?' तेव्हा तो एकरी टन विचारतो. कारखान्याच्या पत्रकात 'सरासरी उतारा' असतो, तो साखरेचा असतो. म्हणजे १०० किलो उसापासून किती किलो साखर मिळाली. शिवाय दृष्ट लागली की आपण उतारा टाकतो, तो निराळाच.

आता वर म्हटलेली हकिगत. आपल्या भागातले ते जुने सभासद, त्यांना मी येथे आबा म्हणतो. हंगामाच्या तोंडावर मी त्यांच्या रानात गेलो होतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून पाहिला आणि म्हणालो, "आबा, एकवीस लागले, ऊस पक्व आहे." पुढे गटसभेत आबा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या रानात काचेत बघून एकवीस सांगितलंत. आन् पत्रकात उतारा सव्वाअकरा. मधलं पावणेदहा कुठं गेलं?"

सभा हसली. मीही हसलो, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे मी उत्तर दिले ते असे : "आबा, एकवीस हा ब्रिक्स. त्यातून पोल काढायचा, प्युरिटी बघायची, मग बगॅस लॉस, मोलॅसिस लॉस वजा जाता रिकव्हरी येते." आबा "बरं" म्हणून खाली बसले. पुढच्या हंगामात त्यांनी दोन एकरांचा ऊस दुसरीकडे घातला. आबा काही अडाणी नव्हते. त्यांचा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर मात्र शेतकऱ्याला द्यावयाचे नव्हतेच.

पेणहून परतल्यावर मी आबांच्या घरी गेलो आणि ओसरीवर बसून हिशेब मांडला. तो येथे देतो.

१. ब्रिक्स : रसाच्या १०० भागांत विरघळलेले घन पदार्थ किती, तो आकडा. त्यात साखर असते, तशी इतर शर्करा आणि क्षारही असतात. भाजीच्या रश्श्यात मीठही असते आणि मसालाही असतो. ब्रिक्स दोन्ही मिळून मोजतो.

२. पोल : त्यातली खरी साखर किती, तो आकडा. ही प्रयोगशाळेत वेगळ्या यंत्रावर मोजतात. ब्रिक्सच्या मानाने पोल जितका जास्त, तितकी रसाची शुद्धता, म्हणजे प्युरिटी जास्त.

३. चोथा : ब्रिक्स आहे रसाचा, संपूर्ण उसाचा नव्हे. १०० किलो उसात सुमारे १२ ते १४ किलो नुसता चोथा असतो. रसाचा आकडा उसाला लावला की तिथेच मोठा फरक पडतो.

४. घट : थोडी साखर बगॅसमध्ये, थोडी प्रेसमडमध्ये आणि बरीचशी मळीत राहते. ती दाणेदार होऊन पोत्यात येत नाही.

५. उतारा : एवढे सगळे होऊन पोत्यात पडली ती साखर.

आता मळीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथेनॉलसाठी 'बी-हेवी' मळी किंवा थेट रस वळविला, तर तितकी साखर पोत्यात येत नाही आणि पत्रकातला उतारा कमी दिसतो. म्हणून वळविलेली साखरही उताऱ्यात धरावी लागते. पत्रक वाचताना 'हा उतारा वळविलेली साखर धरून आहे की न धरता?' असे जरूर विचारावे.

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग एवढंच त्या दिवशी सांगायचं होतं की. मी चोर म्हणालो नव्हतो, हिशेब मागितला होता." हे वाक्य मी आजवर विसरलो नाही.

पैशाचे शब्द

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरविते. पूर्वी त्याला एसएमपी म्हणत. २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी आली. मराठीत 'रास्त व किफायतशीर दर'. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरला आणि त्यावरील उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ.

समजा, कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के आहे. १०.२५ च्या वर एक टक्का, म्हणजे ०.१ चे दहा टप्पे. दहा गुणिले ३.४६ म्हणजे ३४ रुपये ६० पैसे. ३५५ मध्ये ते मिळविले की क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८५० रुपये धरली, तर हातात ३,०४६ रुपये येतात. म्हणून कोणी 'एफआरपी ३,८९६' म्हणाले आणि कोणी '३,०४६' म्हणाले, तर दोघेही खोटे बोलत नसतात. एक ढोबळ सांगतो, दुसरा निव्वळ सांगतो. कोणती ते विचारावे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत ही रक्कम द्यावी आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे, असे त्या आदेशात आहे.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. उताऱ्याचा ०.१ टक्का म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. पाचट आणि कोवळे शेंडे मोळीत जाणे, तोडलेला ऊस दोन-दोन दिवस फडात पडून राहणे, यामुळे तो ०.१ आपणच घालवितो. 'उतारा' हा शब्द कळला की ताज्या व स्वच्छ तोडणीचा आग्रह आम्ही का धरतो तेही कळेल.

दुसरा शब्द 'बिनपरतीची ठेव'. अनेक सहकारी कारखान्यांत ऊसबिलातून परतीची आणि बिनपरतीची अशा ठेवी कापण्याची पद्धत चालत आली. ठेव म्हटले की माणूस ती परत मिळेल असे धरून चालतो. मागे 'बिनपरतीची' लावले की मात्र अर्थ फिरतो. ऊसबिलाच्या पावतीवर कपातीचा रकाना वाचताना नाव पाहून थांबू नये. 'ही रक्कम मला परत येणार का, केव्हा, आणि कोणत्या ठरावाने कापली?' असे विचारण्याचा सभासदाला हक्क आहे.

'नत्र २५० किलो'

सुरू उसाला हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५ व पालाश ११५ किलो, अशी शिफारस आम्ही फळ्यावर लिहितो. एका सभासदाने त्याप्रमाणे हेक्टरी २५० किलो युरिया टाकला आणि ऊस पिवळा का पडतो म्हणून विचारायला आला. शिफारस अन्नद्रव्याची असते, खताची नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के. २५० किलो नत्रासाठी सुमारे ५४३ किलो युरिया लागतो. ४५ किलोच्या साधारण १२ गोण्या. एकराला धरले तर १०० किलो नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया, पाच गोण्यांना थोडा कमी. डीएपीसारखे खत दिले असेल तर त्यातले १८ टक्के नत्र हिशेबात धरून युरिया कमी करावा. त्या सभासदाने निम्म्याहून कमी नत्र दिले होते. दोष कोणाचा? फळ्यावर 'नत्र' लिहून 'गोण्या' न लिहिणाऱ्याचा, म्हणजे माझा. आता मी दोन्ही लिहितो.

'कोयता' म्हणजे किती माणसे?

हा शब्द सर्वांत जपून वापरावा असे माझे मत आहे. तोडणीच्या करारात 'एक कोयता' म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल ठरते ती कोयत्यावर. मुकादम, शेतकी खाते, गाडीवान सगळ्यांना हे ठाऊक असते, म्हणून व्यवहार झटपट होतो.

एका हंगामात तोडणी मजुरांच्या तळावर आरोग्य तपासणी ठेवली होती. मी यादीवरून 'कोयते १२' असे कळविले. यादी वाचणाऱ्याने १२ माणसांची औषधे आणि १२ कार्डे आणली. तळावर मोठी माणसे २४ होती, पोरे वेगळी. पुरुष पुढे होते, त्यांची तपासणी झाली आणि औषधे संपली. मागे उभ्या राहिल्या त्या बाया. त्यांतली एक गरोदर होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा बोलावले म्हणून निभावले. माझा शब्द धंद्यात बरोबर होता, पण त्या शब्दात बाई दिसत नव्हती. तेव्हापासून आमच्या यादीत कोयत्यांपुढे 'पुरुष, स्त्रिया, मुले' असे तीन रकाने केले आहेत.

रायगडावरचा कोश

हा प्रश्न काही आजचा नव्हे. आमचा जिल्हा ज्याच्या नावाने १९८१ सालापासून ओळखला जातो, त्या रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या काळी राज्यकारभाराची भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरलेली होती. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि त्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. राज्य आपले तर कारभाराचे शब्दही आपले असावेत, ही त्यामागची दृष्टी फार मोठी होती.

त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. सचिव आणि अमात्य हे शब्द मराठीत रुजले. पण जमीन, अर्ज, वसूल, तहसील, फिर्याद हे शब्दही लोकांच्या तोंडी राहिलेच. लोकांना जो शब्द कळतो तो लोक टाकत नाहीत, मग तो कुठूनही आलेला असो. म्हणून नुसता शब्द बदलून भागत नाही. 'रिकव्हरी' खोडून 'शर्करा उतारा' लिहिले, तरी आबांचा प्रश्न सुटत नाही. शब्द कोणताही ठेवा, अर्थ उघडून सांगितला पाहिजे.

काय करावे?

आम्ही कर्मचाऱ्यांनी :
१. सभेत आकडा सांगताना तो कशाचा, ते आधी सांगावे. रसाचा की उसाचा, ढोबळ की निव्वळ, एकरी की हेक्टरी.
२. शिफारस नेहमी गोण्यांत किंवा लिटरमध्ये द्यावी.
३. सभासदाच्या प्रश्नाला हसू नये.

सभासदांनी :
१. न कळता "बरं" म्हणू नये. "साहेब, साध्या भाषेत सांगा," असे म्हणावे. यात कमीपणा नाही. मी शाडू आणि कच्चीचा फरक न विचारता ठासून बोललो, त्याचे फळ पांढऱ्या मूर्तीने दिले.
२. सही करण्यापूर्वी प्रत्येक कपातीचा अर्थ विचारावा.
३. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून पावती आणि वार्षिक अहवाल वाचून घ्यावा.

खासगी धंद्यात मालकाला भाषा कळली म्हणजे पुरे. सहकारात मालक आपण सभासद आहात. मालकाला आपल्याच कारखान्याचा हिशेब कळू नये, यासारखी खांड दुसरी नाही. ती वेळेवर बुजविली नाही तर बांध फुटायला वेळ लागत नाही, हे आमच्या खारेपाटातले लोक चांगले जाणतात.

आबांचा ऊस पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याकडे आला. आता गटसभेत ते पहिल्या रांगेत बसतात आणि मी एखादा इंग्रजी शब्द वापरला की लगेच हात वर करतात. त्यांच्यासारखे हात आणखी वर यावेत, यासाठीच हा लेख.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी